हद्द आणि हंगाम

सह्याद्रीच्या माथ्यावरील इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तेथून पूर्वेस शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर असलेल्या येवला-नांदगावच्या माळांवर तोच पाऊस पाच-सहाशेच्या आसपास येऊन थांबतो. नाशिक जिल्ह्याच्या पोटातच इतकी तफावत असल्यामुळे, ज्यांची उपजीविका चालत्या जनावरावर आहे त्यांना बारा महिने एका ठिकाणी राहणे निसर्गानेच नाकारलेले आहे. पश्चिमेच्या डांगाणात महादेव कोळी, ठाकर आणि कानडे ह्यांची डांगी गुरे आहेत. पूर्वेकडील अवर्षणग्रस्त तालुक्यांत धनगरांची दख्खनी मेंढरे आहेत. आणि उत्तरेस मोसम-गिरणेच्या खोऱ्यांत, खानदेशाच्या बाजूने येणारी, मूळच्या काठेवाडी गोपालकांची गाईंची खिल्लारे आहेत. ह्या तिघांचे मार्ग एकमेकांना छेदतात, आणि जेथे ते छेदतात तेथे गवतावरून, पाणवठ्यावरून, रात्रीच्या मुक्कामावरून तंटे उद्भवतात. शेतकरी आणि मेंढपाळ ह्यांच्यातील भांडणांची वार्ता निदान वर्तमानपत्रापर्यंत पोहोचते. पशुपालकांचे आपापसातील भांडण मात्र रानातच पेटते आणि रानातच धुमसत राहते.

ह्या तंट्यांच्या निवारणाविषयी दोन मते मी आजवर वारंवार ऐकत आलो आहे. ती परस्परविरोधी असली तरी दोन्हींच्या मागे अनुभवाचे पाठबळ आहे. म्हणून दोन व्यक्तींच्या मुखी घालून ती येथे मांडतो. एक आहेत इगतपुरी आणि नांदगाव ह्या दोन टोकांच्या तालुक्यांत मामलेदारी केलेले निवृत्त रावसाहेब. आणि दुसरे, येवल्याकडील धनगरवाडीत जन्मलेले, बालपणी वाड्याबरोबर, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळाबरोबर, थळघाट उतरलेले व पुढे शिक्षकी पेशात आयुष्य घालविलेले गुरुजी.

रावसाहेब : गुरुजी, माझ्या नोकरीच्या काळात गुराख्यांचे आणि मेंढपाळांचे जेवढे तंटे मजपुढे आले त्या सर्वांत एक गोष्ट समान होती, आपला हक्क कोठे संपतो हे उभय पक्षांपैकी कोणालाही सांगता येत नसे. डांगाणातला माणूस म्हणे की हे गवत आम्ही उन्हाळ्यासाठी राखले आहे. धनगर म्हणे की आमचे आजे-पणजे ह्याच वाटेने कोकणात उतरले. आणि दोघेही खरे बोलत असल्यामुळे निवाडा करणारा पेचात पडे. अखेर प्रकरण कोंडवाड्यावर येई. गुरांच्या अतिक्रमणाविषयीच्या 1871 च्या कायद्याने अधिकाऱ्याच्या हाती दिलेले साधन एवढेच, की जनावर कोंडावे, दंड वसूल करावा आणि पावती द्यावी. जनावर सुटे, पण वैर सुटत नसे. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की, चराईचे क्षेत्र मोजावे, हद्दीवर दगड रोवावेत, कोणत्या गावाची किती जनावरे कोठे चरतील ह्याचे पट्टे करून द्यावेत आणि परगावच्या कळपाला दाखल्यावाचून प्रवेश देऊ नये. हिवरे बाजारने चराईबंदी केली, धुळे जिल्ह्यातील बारीपाड्याने आपले जंगल राखले. ती राने एकदा डोळ्यांनी पाहिली म्हणजे निर्बंधाचे महत्त्व निराळे पटवून द्यावे लागत नाही.

गुरुजी : त्या दोन्ही गावांविषयी माझ्या मनात आदरच आहे, रावसाहेब. परंतु ज्या गावाने आपले रान बंद केले त्या गावाच्या वेशीवरून परत फिरलेला कळप पुढे कोठे गेला, ह्याची नोंद कोणत्या दप्तरात सापडेल? तो शेजारच्या शिवारात गेला, तेथल्या चाऱ्यावर दुप्पट भार पडला आणि तेथे ज्याचे गवत संपले त्याचे भांडण ह्या नव्या पाहुण्याशी झाले. एका गावाची हद्द पक्की करून एका गावापुरती शांतता मिळते. फिरत्या जनावराचा प्रश्न तेवढाच राहतो, फक्त तो दुसऱ्याच्या दारात जाऊन उभा राहतो.

आता हक्क कोठे संपतो हे सांगता येत नसे असे आपण म्हणालात, त्याविषयी. आमच्या वडिलांना तो कोठे संपतो हे सांगता येत नसेल. तो केव्हा संपतो हे मात्र त्यांना पक्के ठाऊक होते. डांगी गाईच्या कातडीतून तेलकट स्राव सुटतो आणि त्याच्या जोरावर ती चार महिने संततधारेत उभी राहते. दख्खनी मेंढराचे खूर त्याच चिखलात पंधरा दिवसांत कुजतात. त्यामुळे पावसाळ्याचे डांगाण आपोआपच गाईचे होते, आणि आम्ही त्या काळात सिन्नर-येवल्याच्या माळावर असू. दिवाळी आटोपली, कोकणातला भात निघाला, की आमचे वाडे घाट उतरून शहापूर-भिवंडीकडे जात. तेथे शेतकऱ्याच्या मोकळ्या खाचरात वाघूर, म्हणजे जाळीचे कुंपण, लावून मेंढरे बसवीत, लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य घेत, आणि मृगाच्या आत घाट चढून परत येत. घाटमाथ्यावरून जाताना मुक्काम किती रात्री करावयाचा, कोणता डोह जनावरांना मोकळा आणि कोणता गावाच्या पिण्यासाठी राखीव, राखलेल्या गवताला किती अंतर सोडून कळप न्यावयाचा, हे सारे ठरलेले असे. वाड्याचा कारभारी पुढे जाऊन पाटलाला भेटल्यावाचून मेंढरू शिवेत शिरत नसे.

माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा ह्या अभ्यासकांनी 1982 च्या सुमारास आपल्याकडील धनगरांच्या पोटजातींचा अभ्यास केला, तेव्हा गवळी धनगर जास्त पावसाच्या डोंगरमाथ्यावर म्हशी राखतात आणि हटकर कमी पावसाच्या प्रदेशात मेंढरे हिंडवितात, अशी वाटणी त्यांना आढळली. एकाच्या ताटातले दुसऱ्याने घ्यावयाचे नाही, ही व्यवस्था पिढ्यानुपिढ्या टिकली ती कोणी दगड रोवल्यामुळे टिकली नाही. तंटे तेव्हाही होत. परंतु ज्याने वेळ मोडली तो दोषी, हे दोन्ही बाजूंना मान्य असल्यामुळे दोष कोणाचा ह्यावर वाद होत नसे.

रावसाहेब : हे चित्र मनोहर आहे, आणि ते खरे होते हेही मी मान्य करतो. पण ज्या जमिनीवर ते उभे होते ती जमीन आता राहिली आहे काय? निफाड-दिंडोरीत द्राक्षांचे मळे झाले, लासलगावच्या परिसरात कांदा वर्षातून दोन-तीनदा निघू लागला, कालव्याचे पाणी जेथे पोहोचले तेथे सुगीनंतर मोकळे राहणारे शेत नाहीसे झाले. जुन्या वाटांवर कुंपणे आली. समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासून आमणेपर्यंतचा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला आणि 701 किलोमीटरांचा तो कुंपणबंद रस्ता सिन्नर व इगतपुरी ह्या दोन्ही तालुक्यांतून गेला. त्याखालून ओलांडण्यास जागा ठेवल्या असल्या तरी आपला कारभारी ज्या वाटेने जात असे ती वाट आता त्याला सोडावी लागते. पाऊसही आता नेमेचि येत नाही. मेंढरे घाट चढत असताना मेमध्येच अवकाळी कोसळतो, आणि परतीचा दिवस पुढे-मागे झाला की आपली ती वेळ मोडतेच, मग त्यात कोणाचा दोष नसो. जेथे हंगामच स्थिर नाही तेथे हंगामावर उभारलेला करार टिकेल कसा?

दुसरे असे की, आपल्या रिवाजात जे पूर्वीपासून आहेत त्यांनाच जागा आहे. काठेवाडी गोपालकाला ती कोठे आहे? तो पिढ्यान्‌पिढ्या ह्या मुलखात हिंडतो, त्याची मुले अस्खलित मराठी-अहिराणी बोलतात. तरी पाणवठ्यावर वाद झाला की सर्वांच्या तोंडी तो परका. 2022 मध्ये गुरांत लंपीची साथ आली, गुरांचे बाजार बंद झाले, जनावरांच्या वाहतुकीवर बंदी आली. त्या वेळी संशयाचे बोट प्रथम वळले ते जो हिंडतो त्याच्याकडे. रिवाज त्याच्या बाजूने उभा राहिला नाही. कायद्यापुढे निदान तो इतरांसारखाच एक नागरिक असतो.

गुरुजी : काठेवाड्यांविषयी आपण बोललात ते मला निरुत्तर करणारे आहे, आणि आमच्या समाजातील वडीलधाऱ्यांनी त्याचा विचार करावयास हवा. ज्याला प्रत्येक गावाने कधी ना कधी उपरा म्हटले, त्याने दुसऱ्या भटक्याला उपरा म्हणणे शोभत नाही.

पण रिवाज म्हणजे केवळ तोंडी व्यवहार, असे आपण गृहीत धरता, त्याला माझी हरकत आहे. आपले आयुष्य दप्तरात गेले. मराठेशाहीतील महजर आपण वाचले असतील.

रावसाहेब : वाचले आहेत, आणि मोठ्या प्रेमाने वाचले आहेत. वादी-प्रतिवादी प्रथम राजीनामे लिहून देत, म्हणजे जो निवाडा होईल तो आम्ही मान्य करू असे कबूल करीत. मग जामीन घेतला जाई, मग दोघांच्या तक्रिरी आणि करीने, म्हणजे त्यांची म्हणणी आणि पूर्वीच्या हकीकती, लिहून घेतले जात. शेजारच्या गावांतले पाटील, कुलकर्णी, बलुतेदार साक्षीस बसत. आणि शेवटी सर्वांच्या निशाण्यांनिशी महजर होई. ज्याच्या बाजूने निकाल लागे त्याच्या हाती तो कागद पुढच्या पिढ्यांसाठी राही. सरकारदेखील वनचराईची पट्टी घेत असल्यामुळे रानाच्या वहिवाटीची नोंद कोठे ना कोठे होत असे.

गुरुजी : आणि त्या सभेत शेजारी बसत, ही त्यातली मुख्य गोष्ट. आजच्या चौकशीत कोण येतो? फिर्याद पोलिसांत, पंचनामा तलाठ्याचा, राखीव जंगल असेल तर दंड वनखात्याचा. तीन कचेऱ्यांत तीन प्रकरणे होतात आणि ज्या दोघांचे भांडण त्या दोघांना समोरासमोर बसविण्याचे काम कोणाच्याच कर्तव्यात येत नाही. तारीख पडते तेव्हा धनगर घाटाखाली असतो. तो हजर राहिला नाही की वॉरंट निघते. मग ज्याच्याशी भांडण झाले त्या डांगाणातल्या माणसालाही वाटू लागते की हे आपल्याला नको होते. पुढच्या वर्षी तोच वाडा त्याच वाटेने येतो, तेव्हा रामराम बंद झालेला असतो. चारा कमी पडला तर दोघे मिळून तोड काढू शकतात. बोलणे बंद झाल्यावर ते होत नाही.

रावसाहेब : त्या जुन्या सभेत बसणारे सारे पुरुष असत, गुरुजी, आणि तेही वतनदार. ते वतन ज्याच्याकडे नव्हते त्याची साक्ष किती तोलाची धरीत, हे मी तुम्हाला सांगावयास नको.

गुरुजी : नको. म्हणून मला जुनी सभा जशीच्या तशी परत आणावयाची नाही. आमच्या वाड्यात बिऱ्हाड उतरविणे, पाल ठोकणे, कोकरांची जपणूक, गावात जाऊन दळण आणि पाणी आणणे, बाजार करणे हे सारे स्त्रिया करतात. पुरुष दिवसभर कळपामागे असतो. गावाचा राग कोठे साचतो आहे, हे तिला विहिरीवर प्रथम कळते. तिला न विचारता केलेला कोणताही सलोखा अर्धवट राहणार. पूर्व आफ्रिकेतील केनियाच्या वजीर जिल्ह्यात हे प्रत्यक्ष घडले. दुष्काळानंतर तेथील पशुपालक कुळांत रक्तपात माजला होता, एका कुळातील बाई दुसऱ्या कुळाच्या बाईकडून भाजी घेईनाशी झाली होती. तेव्हा डेखा इब्राहिम अब्दी आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी 1992 च्या सुमारास आरंभ केला तो बाजारापासून : कोणत्याही कुळाच्या स्त्रीस बाजारात मज्जाव होऊ नये ह्यावर त्यांनी जातीने लक्ष ठेवले. मग त्या वडीलधाऱ्यांकडे गेल्या, तरुणांकडे गेल्या, आणि 1993 मध्ये वडीलधाऱ्यांनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या. पुढे 2001 मध्ये त्याच प्रदेशात मोदोगाशे येथे ठरले की, दुसऱ्याच्या चराऊ मुलखात शिरण्यापूर्वी तेथील वडीलधाऱ्यांची संमती घ्यावी. आमचा कारभारी पाटलाला भेटल्यावाचून शिवेत शिरत नसे, त्यापेक्षा हे निराळे काय आहे?

आणि आफ्रिकेपर्यंत तरी कशाला जावे? मालेगावजवळ चंदनपुरीला पौष पौर्णिमेस खंडोबाची जत्रा भरते. त्या गावची बाणाई ही धनगराची लेक. खंडोबाने तिच्यासाठी तिच्या बापाच्या घरी चाकर राहून मेंढरे राखली, आणि तिला जेजुरीस आणल्यावर थोरल्या म्हाळसेशी तिचे भांडण जुंपले, ही कथा आपल्या घरोघर गायिली जाते. म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. एक स्थिर गृहस्थीतली, दुसरी वाड्यातली. जेजुरीच्या गडावर म्हाळसा देवाजवळ आहे आणि बाणाईचे देऊळ डोंगराच्या निम्म्या वाटेवर आहे. दोघींची ठाणी वेगळी झाली, परंतु दोघींपैकी कोणालाही डोंगर सोडावा लागला नाही. आमच्या लोकांना तडजोडीचा अर्थ समजावून सांगताना मी नेहमी ही कथा सांगतो.

रावसाहेब : कथेचा आधार मला आवडला, तरी मी तुम्हाला कागदाचाच आधार दाखवितो, कारण तो तुमच्याच बाजूचा आहे आणि तुमच्या लोकांनी तो पुरेसा वापरलेला नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3 मध्ये सामुदायिक हक्कांत चराईचा हक्क स्पष्ट शब्दांत आहे. स्थायिकांचा तसाच हंगामी स्थलांतर करणाऱ्यांचाही, आणि भटक्या व पशुपालक समाजांच्या पारंपरिक हंगामी वापराचाही. जिल्हास्तरीय समितीने पशुपालक व भटक्या जमातींचे दावे विचारात घेतले गेले की नाहीत हे तपासावे, असे नियमांत आहे.

गुरुजी : आणि त्याच कायद्यात, जो अनुसूचित जमातीचा नाही त्याने 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे असेही आहे. महादेव कोळी आणि ठाकर अनुसूचित जमातीत आहेत. आम्ही भटक्या जमातीत. ज्याचे घर खांद्यावर, त्याने वास्तव्याचा पुरावा कोठून आणावा? त्यातच आरक्षणाच्या मागणीवरून धनगर आणि आदिवासी ह्यांच्यात जी कटुता आली आहे तिची झळ रानापर्यंत पोहोचली आहे. मुंबईच्या मोर्चाचा राग घाटातल्या पाणवठ्यावर निघतो. त्या मागणीचा निकाल न्यायासनापुढे आणि विधिमंडळात लागावयाचा तसा लागो. पण गवताचे बोलणे त्याच्या निकालासाठी थांबवून ठेवणे दोघांच्याही जनावरांच्या मुळावर येईल.

रावसाहेब : पुराव्याचे उत्तर नियम 13 मध्ये आहे. दावेदाराखेरीज अन्य वृद्ध व्यक्तींचे लेखी उतरवून घेतलेले निवेदन पुरावा म्हणून ग्राह्य आहे, आणि सामुदायिक हक्कासाठी पारंपरिक चराऊ रानेही पुराव्यात मोजली जातात. म्हणजे इगतपुरीकडच्या एखाद्या वृद्ध कोळ्याने, होय, ह्यांचे वाडे माझ्या लहानपणापासून, माझ्या बापाच्या वेळेपासून, दिवाळीनंतर ह्या वाटेने जातात, असे ग्रामसभेपुढे लिहून दिले, तर धनगराच्या हक्काला त्याहून मोठे बळ नाही. तुमचा हक्क तुमच्या शेजाऱ्याच्या साक्षीवर उभा आहे.

गुरुजी : तो महजरच झाला, रावसाहेब.

ह्या ठिकाणी दोघांचे मत जुळले, आणि माझेही मत येथेच येऊन स्थिरावले आहे. केवळ हद्द आखून तंटा मिटेल हे रावसाहेबांचे मूळ म्हणणे मला पटत नाही, कारण ज्या जिल्ह्यात पाऊस अंतरागणिक निम्मा होतो तेथे हद्दीत कोंडलेले मेंढरू एका वर्षी मरते आणि दुसऱ्या वर्षी कुंपण मोडते. गुरुजींचा हंगाम हाच खरा पाया आहे. परंतु तो हंगाम आता डळमळीत झाला आहे, वाटा बदलल्या आहेत, जुन्या रिवाजात जागा नसलेले पशुपालकही आहेत. आणि अशा काळात केवळ स्मरणावर विसंबणे म्हणजे जो बलवान त्याच्या स्मरणावर विसंबणे होय. म्हणून लिहून ठेवण्याविषयीचा रावसाहेबांचा आग्रह मला शिरोधार्य वाटतो. लिहावयाचे ते मात्र हंगामाविषयी : वाटा कोणत्या, मुक्काम किती रात्रींचे, कोणता पाणवठा कोणाचा आणि कोणत्या महिन्यांत, राखलेल्या गवतापासून किती अंतर ठेवावयाचे, पाऊस लवकर आला तर आधी निरोप कोणी कोणाला धाडावयाचा, आजारी जनावर कोठे थांबवावयाचे, आणि नुकसान झाले तर भरपाई कोणी ठरवावयाची. शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे. भरपाई ठरविणाऱ्या पंचांत तिन्ही समाजांचे लोक आणि त्यांतल्या स्त्रिया असल्या, तर कोंडवाड्यापर्यंत जाण्याची वेळ क्वचित येईल.

वनहक्क कायदा वनजमिनीपुरता आहे, हे विसरून चालणार नाही. गायराने त्याबाहेर राहतात. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला असला, तरी गावोगावची गायराने आक्रसतच गेली आहेत, आणि चराईचे क्षेत्र जितके कमी होते तितके पशुपालक एकमेकांच्या अंगावर ढकलले जातात. गायराने राखली गेली नाहीत, तर रानातल्या कितीही उत्तम कराराने हा प्रश्न पुरता सुटणार नाही.

संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष चराऊ राने आणि पशुपालक ह्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. त्यानिमित्त भाषणे होतील, ती व्हावीत. नाशिक जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर दिवाळीपूर्वी, वाडे घाटाकडे निघण्याच्या आत, एक बैठक होणे पुरेसे आहे. इगतपुरीचा कोळी, येवल्याचा धनगर आणि मोसम-खोऱ्यातला काठेवाडी ह्या तिघांना त्या बैठकीचे बोलावणे धाडण्याचे काम ज्या ग्रामपंचायतींच्या शिवारांतून ह्या वाटा जातात त्यांचे आहे, आणि त्यांनी ते येत्या दिवाळीच्या आत करावे.